तारांचा आवाज आणि तारांची भीती



आजचा विषय डोक्यावरून जाणारा आहे. समजायला अवघड या अर्थाने नव्हे, खरोखरच डोक्यावरून जाणारा: उच्चदाबाच्या विजेच्या तारा, म्हणजे आपल्या बोलण्यातली हायटेन्शन लाईन.

तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला किंवा सोलापूरला, हे मनोरे तुम्ही पाहिलेले आहेत. गाव वाढलं, प्लॉट पडले, आणि एके काळी शेतातून जाणारी लाईन आता गच्चीसमोरून जाते. पावसाची रिपरिप सुरू झाली की तारांमधून चरचर ऐकू येते. रात्री सगळं शांत झालं की ती जास्तच जाणवते. मग कोणी म्हणतं, या आवाजाने डोकं दुखतं. कोणी म्हणतं, तारांखाली राहिलं की कॅन्सर होतो. आणि कोणी म्हणतं, काही होत नाही हो, प्लॉट स्वस्तात मिळतोय, घेऊन टाका.

ही तिन्ही माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. आवाजाची तक्रार वेगळी, आजाराची भीती वेगळी आणि शॉकचा धोका त्याहून वेगळा. या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवायला जगाला जवळपास शंभर वर्षं लागली. त्या एका गाठोड्यात राहिल्या तेव्हा तारांखालच्या माणसाचं नुकसानच झालं. आज आपण तो इतिहास पाहू.

पहिली भीती: हात लागला तर?

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. १८८०च्या दशकात त्या शहराच्या रस्त्यांवर तारांचं जंगल माजलं होतं. तार यंत्राच्या तारा, टेलिफोनच्या तारा, आणि त्यांच्यातच रस्त्यावरच्या प्रखर दिव्यांना वीज पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या तारा, सगळ्या जवळजवळच्या खांबांवर. मार्च १८८८च्या हिमवादळात यातल्या कितीतरी तारा तुटून खाली आल्या. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८८९मध्ये, मॅनहॅटनमध्ये भर दुपारी एक लाईनमन खांबावर जुन्या तारा कापत होता. त्याला मृत वाटलेली तार दुसरीकडे कुठेतरी विजेच्या तारेला चिकटलेली होती. शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत तो तारांच्या जाळ्यातच गेला. शहर हादरलं. खांब कापून काढायला सुरुवात झाली आणि न्यूयॉर्कच्या तारा जमिनीखाली जायला लागल्या.

म्हणजे विजेच्या तारांची पहिली भीती अगदी सरळ होती. हात लागला की माणूस मरतो. त्यात गूढ काही नव्हतं.

याच सुमाराला वीज लांब नेण्याचे प्रयोग सुरू झाले. १८९१मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज नेऊन दाखवली गेली. भारतही फार मागे नव्हता. १९०२मध्ये म्हैसूर संस्थानात कावेरीवर शिवनसमुद्र इथे वीज तयार झाली आणि जवळपास १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. त्या काळच्या जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांमध्ये तिची गणना होते. १९१५मध्ये लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली.

या सगळ्यामागे एक साधा हिशेब आहे. वीज लांब न्यायची तर करंट कमी ठेवायचा आणि व्होल्टेज वाढवायचं, म्हणजे तारा कमी तापतात आणि वाटेतली गळती कमी होते. म्हणून अंतर वाढत गेलं तसं व्होल्टेज वाढत गेलं. आणि व्होल्टेज एका हद्दीपुढे गेल्यावर तारा बोलायला लागल्या.

तार बोलते म्हणजे काय होतं?

या आवाजाला कारण असलेल्या घटनेचं नाव आहे कोरोना. दचकू नका. लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे मुकुट. विषाणूला ते नाव त्याच्या काट्यांच्या मुकुटामुळे मिळालं आणि तारेला तिच्याभोवती अंधारात दिसणाऱ्या निळसर प्रभेमुळे. तारेचं नाव कितीतरी जुनं आहे.

तारेच्या पृष्ठभागावरचं विद्युत क्षेत्र फार तीव्र झालं की आजूबाजूची हवा तग धरत नाही. हवेतल्या कणांचे विद्युतभारित तुकडे होतात आणि बारीक बारीक ठिणग्यांसारखं काहीतरी घडतं. तारेवर जिथे टोक असेल, ओरखडा असेल, धूळ किंवा किडा चिकटलेला असेल, तिथे हे आधी होतं. पावसाचा थेंब तारेच्या खालच्या बाजूला लोंबला की त्याचंही एक टोकच तयार होतं. म्हणूनच पावसात, धुक्यात, दवात आवाज वाढतो. कोरड्या दिवशी तीच तार गप्प असते.

यात दोन आवाज मिसळलेले असतात. एक चरचर, कढईत थेंब पडल्यासारखी. दुसरा खालच्या पट्टीतली गुणगुण. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, पण प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा टोकाला जातं. म्हणून ती गुणगुण १०० हर्ट्झची असते. गल्लीतल्या डीपीजवळ उभं राहिलात तर साधारण त्याच पट्टीचा हुंकार ऐकू येतो. तिथे मात्र कारण वेगळं असतं, आतलं लोखंड चुंबकीय क्षेत्रामुळे थरथरत असतं.

अमेरिकन अभियंता पीक याने १९१०च्या दशकात कोरोना कधी सुरू होतो याचं सूत्र बसवलं. पण पुढची पन्नासेक वर्षं अभियंते कोरोनाकडे दोनच नजरांनी पाहत होते: किती वीज वाया जाते आणि लोकांच्या रेडिओत किती खरखर येते. खाली झोपलेल्या माणसाच्या कानाचं काय, हा प्रश्न कुणाच्या कागदावर नव्हता, कारण तोवरच्या तारांचा आवाज फारसा ऐकूच येत नसे.

१९६५मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ७३५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. १९६९मध्ये अमेरिकेत ७६५ किलोव्होल्टची पहिली लाईन आली. ती जिथून गेली तिथल्या शेतकऱ्यांना पावसाळी रात्री झोप लागेना. ओहायो राज्यातल्या एका खेड्यातून अशी लाईन जायची होती तेव्हा लुईस यंग या भौतिकशास्त्र शिकलेल्या लेखिकेने त्यावर ‘पॉवर ओव्हर पीपल’ हे पुस्तक लिहिलं. ते १९७३मध्ये आलं. आवाज, तारेखालच्या कुंपणाला हात लावल्यावर बसणारा झटका, जमिनीवरचा हक्क, सगळं त्यात होतं.

आता इथे एक चांगली गोष्ट घडली. आवाज ही मोजता येणारी गोष्ट होती. यंत्र लावा, डेसिबल वाचा, तक्रार खरी की खोटी ते कळतं. तक्रार खरी निघाली. मग आवाज हा रचनेचा निकष बनला. उपाय असा, की एका जाड तारेऐवजी दोन, चार किंवा सहा तारा थोड्या अंतरावर एकत्र बांधायच्या. विजेला तो जुडगा एकाच खूप जाड तारेसारखा वाटतो, पृष्ठभागावरची तीव्रता उतरते आणि कोरोना कमी होतो. अमेरिकेतल्या पहिल्या ७६५ किलोव्होल्ट लाईनींवर चार तारांचे जुडगे होते, नंतरच्या लाईनींवर सहा तारांचे आले. आपल्याकडेही पुढच्या वेळी मनोऱ्याकडे नीट पाहा. २२० किलोव्होल्टच्या लाईनीवर बहुधा एकेक तार दिसेल, ४०० वर दोन किंवा चार, ७६५ वर चार किंवा सहा. ते जुडगे ज्या कारणांनी मोठे होत गेले, त्यात खाली राहणाऱ्या माणसाचा कानही आहे.

दुधवाले शेतकरी विरुद्ध स्वतःचीच संस्था

पण सगळंच डेसिबलमध्ये मावत नव्हतं. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जे झालं ते आपल्या सहकाराच्या मुलखातल्या माणसाला चटकन कळेल. नॉर्थ डकोटातल्या कोळशावरच्या वीज केंद्रातून मिनेसोटापर्यंत ४०० किलोव्होल्टची डीसी लाईन टाकायची ठरली. टाकणार कोण? ग्रामीण वीज सहकारी संस्था. म्हणजे ज्यांच्या शेतांतून मनोरे जाणार, त्या शेतकऱ्यांच्याच नावाने चालणाऱ्या संस्था.

शेतकऱ्यांनी आधी सुनावण्यांना हजेरी लावली, मग कोर्टात गेले, मग मोजणीवाल्यांसमोर ट्रॅक्टर आडवे घातले. १९७८च्या हिवाळ्यात राज्याने शेकडो पोलीस उतरवले. त्यानंतर रात्रीबेरात्री मनोरे कोसळायला लागले. कोणीतरी पायाचे बोल्ट काढत होतं. डझनभराहून जास्त मनोरे असे आडवे झाले आणि हजारो इन्सुलेटर गोळ्या घालून फोडले गेले. हे कोण करतं असं विचारलं, की गावकरी सांगत, आमच्याकडे बोल्ट खाणारा सोंडा आलाय. धान्यातला सोंडा असतो ना, तसा.

शेतकऱ्यांची एक तक्रार तब्येतीची होती. माणसांना डोकेदुखी, गाई दूध कमी देतात. नंतर मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या लाईनीजवळच्या शेकडो कळपांच्या दुधाच्या आणि वेताच्या नोंदी तपासल्या. परिणाम दिसला नाही. पण तेवढ्याने शेतकऱ्यांचा मूळ मुद्दा खोटा ठरत नव्हता. मुद्दा असा होता, की आमच्या जमिनीवर काय उभं राहणार हे ठरवताना आम्हाला कोणी विचारलं? आणि ही गंमत बघा: जमिनीचा मुद्दा अधिकाऱ्यांच्या कानावर पडत नव्हता, तब्येतीचा मुद्दा निघाला की सगळ्यांचे कान टवकारत होते. म्हणून लोक तब्येतीवर बोलू लागले. अशाने एक तक्रार दुसरीच्या खांद्यावर बसली.

डेन्व्हरच्या गल्ल्या

तब्येतीची शंका पूर्णपणे नवी नव्हती. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघात मोठ्या सबस्टेशनांच्या आवारात काम करणाऱ्यांना डोकेदुखी, थकवा असे त्रास होतात अशा नोंदी झाल्या. १९७२मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेत त्या मांडल्या गेल्या. इतर देशांत केलेल्या तपासण्यांत मात्र तसं ठामपणे दिसलं नाही.

मग आलं १९७९. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर या संशोधिकेने लहान मुलांच्या कर्करोगाच्या मृत्यूंच्या नोंदी घेतल्या आणि ती मुलं जिथे राहत होती त्या घरांसमोर जाऊन पाहिलं. एड लीपर हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते. त्यांच्या लक्षात आलं, की अशा घरांजवळ जाड तारा किंवा डीपी जास्त वेळा दिसतात. जास्त करंट वाहून नेणाऱ्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण दुप्पट-तिप्पट आहे, असं त्यांनी लिहिलं.

इथे थांबून एक बारकावा पाहू, कारण सगळा घोळ इथेच झाला. वर्थायमर बघत होत्या त्या बहुतेक तारा गल्लीतल्या होत्या. आकाशाला भिडणारे मनोरे, चरचरणाऱ्या तारा, त्या नव्हेत. त्यांचा संशय होता चुंबकीय क्षेत्रावर आणि चुंबकीय क्षेत्र ठरतं करंटवर. आवाज ठरतो व्होल्टेजवर. म्हणजे जी तार सगळ्यात जास्त आवाज करते तिचंच चुंबकीय क्षेत्र सगळ्यात जास्त असेल असं मुळीच नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी शहरभर एसी चालू असतात, लाईन भरून वाहत असते, तेव्हा चुंबकीय क्षेत्र जास्त आणि आवाज जवळपास शून्य. पावसाळ्याच्या मध्यरात्री मागणी उतरलेली, चुंबकीय क्षेत्र कमी आणि आवाज मात्र कान किटवणारा. कान आपल्याला ज्या गोष्टीची खबर देतो आणि शास्त्रज्ञ ज्या गोष्टीवर संशय घेत होते, त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

पण माणसाचं मन असं चालत नाही. १९८९मध्ये पॉल ब्रोडर या पत्रकाराने ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लेखमाला लिहिली आणि मग त्याचं पुस्तक आलं. वाचणारा घराबाहेर आला, त्याने वर पाहिलं, तार चरचरत होती. त्याला आणखी पुरावा कशाला हवा होता?

वीस-तीस वर्षांची मोजदाद

शास्त्रज्ञांना मात्र हवा होता. स्वीडनमध्ये १९९२मध्ये एक मोठा अभ्यास आला. तिथे प्रत्येक माणसाची नोंद सरकारकडे असते, आणि कोणत्या लाईनीवरून कोणत्या वर्षी किती करंट गेला याचीही. म्हणून १९६० ते १९८५ या काळात मोठ्या लाईनींपासून ३०० मीटरांच्या आत राहिलेल्या लोकांची पाहणी करता आली. जास्त चुंबकीय क्षेत्रातल्या मुलांमध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, अधिक दिसला. पण त्या गटातली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मोठ्या अभ्यासात ठोस संबंध सापडला नाही.

एकेका अभ्यासात मुलं कमी, म्हणून २०००मध्ये आल्बॉम आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. ल्युकेमिया झालेली तीन हजारांहून जास्त मुलं आणि तुलनेसाठी दहा हजारांहून जास्त. निष्कर्ष दोन वाक्यांचा आहे. ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी सरासरी क्षेत्रात राहणाऱ्या ९९ टक्क्यांहून अधिक मुलांमध्ये धोका वाढलेला दिसला नाही. त्याहून जास्त क्षेत्रात राहणाऱ्या, म्हणजे ०.८ टक्के मुलांमध्ये, तो साधारण दुप्पट दिसला.

दुप्पट हा शब्द ऐकून घाबरायला होतं. पण मूळ आजारच दुर्मीळ आहे, आणि ‘दिसला’ म्हणजे ‘त्यामुळेच झाला’ असं नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं आढळलं नाही आणि इतकं क्षीण क्षेत्र पेशींत नेमकं काय करतं, हे कोणाला दाखवता आलं नाही. २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या चुंबकीय क्षेत्राला ‘२बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या यादीत टाकलं. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून त्या यादीत कॉफीही १९९१पासून २०१६पर्यंत होती. २००७च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला: हा संबंध खरोखरच कार्यकारणाचा असेल असं धरलं, तरी जगभरात वर्षाला १०० ते २,४०० मुलांचा ल्युकेमिया याच्या खात्यावर पडेल.

सगळ्यात बोलका अभ्यास ब्रिटनचा आहे. २००५मध्ये कर्करोग झालेल्या २९,००० मुलांच्या जन्मपत्त्यांवरून काढलेला निष्कर्ष छापून आला. मोठ्या लाईनीपासून २०० मीटरांच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण सुमारे ७० टक्के जास्त दिसत होतं. पण २०० ते ६०० मीटरांवरही थोडं जास्त होतं, आणि तिथे तर लाईनीचं चुंबकीय क्षेत्र पोहोचतच नाही म्हटलं तरी चालेल. अभ्यासकांनी तेव्हाच हे विचित्र असल्याचं लिहून ठेवलं. २०१४मध्ये त्याच गटाने आणखी वर्षांची भर घालून पुन्हा पाहिलं. १९६० आणि ७०च्या दशकांत दिसणारा धोका १९८०च्या पुढे दिसेनासा झाला. तारा त्याच, वीज तीच. वीजच कारण असती तर धोका असा विरून गेला नसता. तारांजवळ कोण राहत होतं, कुठून आलं होतं, कोणत्या परिस्थितीत होतं, असं काहीतरी बदललं असावं.

म्हणून आज प्रामाणिकपणे सांगायचं तर असं: शंका पूर्ण मिटलेली नाही, पण जितकं जास्त मोजलं तितकी ती लहान होत गेली आहे. नेदरलँड्सने २००५मध्ये यावर समंजस वाट काढली. जुनी घरं पाडायला सांगितली नाहीत, पण जिथे वार्षिक सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर जाईल तिथे नवीन घरं, शाळा, पाळणाघरं शक्यतो उभी करू नका, असा सल्ला पालिकांना दिला.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे तारांखालच्या माणसाचं कायद्याशी नातं वेगळ्याच गोष्टीवरून जुळलं: तार यंत्र. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला कोणाच्याही जमिनीत खांब रोवायचा आणि वरून तारा न्यायचा अधिकार दिला. जमीन मालकाचीच राहणार, सरकारला फक्त वापराचा हक्क, आणि जे नुकसान होईल त्याची भरपाई. तारेचा खांब म्हणजे किती जागा? ते त्या काळाला शोभत होतं. पण १९१०च्या वीज कायद्याने हेच अधिकार वीज कंपन्यांना देण्याची सोय केली आणि २००३च्या कायद्याच्या कलम १६४ने ती पुढे चालू ठेवली. टेलिग्राफच्या खांबासाठी शिवलेला अंगरखा ७६५ किलोव्होल्टच्या मनोऱ्याला चढवला गेला.

परिणाम काय झाला? कितीतरी वर्षं भरपाई म्हणजे पिकं आणि झाडं. आंब्याची इतकी, नारळाची इतकी, उभ्या उसाचे इतके. तारांखालच्या पट्ट्याची किंमत उतरते याची दखल घ्यायला वेळ लागला. २००७मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जमीन कुठे आहे, तारेपासून किती अंतरावर आहे, तिचा वापर किती घटला, हे पाहून भरपाई ठरवावी. ऑक्टोबर २०१५मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूत्रं काढली: मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४मध्ये ते वाढवून पायाखालच्या जागेसाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के सुचवले गेले. तो पट्टा लहान नसतो: १३२ किलोव्होल्टला सुमारे २७ मीटर, २२० ला ३५, ४०० ला ४६ आणि ७६५ ला ६७ मीटरांपर्यंत. तुमच्या राज्याने यापैकी काय स्वीकारलं हे तिथल्या आदेशात पाहावं लागतं.

या तारा आपल्याला नकोत असं कोणी म्हणू शकत नाही. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एका तालात आलं. देशाचं एकच जाळं झालं, ते सोलापूर-रायचूरच्या शेतांवरून. जाळं सगळ्यांचं, पण त्याखालची जमीन ठरावीक लोकांची. हा पेच मिनेसोटाचा होता तोच आपला आहे.

गाठोडं सोडवून पाहू

आता इतिहासाने हातात काय दिलं ते पाहू.

आवाज खरा आहे. तो तुमच्या मनाचा खेळ नाही. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तक्रार करायची तर ‘कॅन्सर होईल’ असं लिहू नका. आवाज मोजून घ्या, तारीख-वेळ, पाऊस होता की नाही ते लिहा. नवी तार पहिले काही महिने जास्त बोलते, कारण तिच्यावर कारखान्यातलं तेलकट आवरण असतं आणि पाण्याचे थेंब जमतात. पुढे ती शांत होते. कोकणात, समुद्रकाठी किंवा कारखान्यांजवळ तारेऐवजी इन्सुलेटरवर मीठ-धूळ बसून तडतड होते. मनोऱ्यापाशीच ठिणग्या दिसत असतील तर ते धुवायला हवेत. मनोऱ्यावरचा क्रमांक टिपून सबस्टेशनला कळवा.

तारेखालच्या पत्र्याला, कुंपणाला हात लावल्यावर बसणारा झटका हाही खरा आहे. विद्युत क्षेत्रामुळे न जोडलेल्या धातूवर भार साठतो. पत्रा, कुंपण नीट अर्थिंग करून घेतलं की तो थांबतो. भिंतींमुळे हे क्षेत्र घरात फारसं शिरत नाही.

चुंबकीय क्षेत्र भिंतीने अडत नाही, पण अंतराने झपाट्याने कमी होतं. शंभर-दीडशे मीटरांवर ते घरातल्या नेहमीच्या पातळीत मिसळून जातं. घर शोधताना निवड असेल तर दूरचं घ्या. निवड नसेल आणि तुम्ही आधीच तिथे राहत असाल, तर मुलांच्या उशाशी भीती घेऊन झोपू नका. या शंकेचं वजन इतकंच आहे.

आणि आता शेवटची गोष्ट, जी इतिहासात पहिली होती: हात लागला तर? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा दर वर्षी १०,००० च्या वरच आहे. यात तुटलेल्या तारा आहेत, उघड्या डीपी आहेत, घरातली जोडणी आहे, आणि लाईनीखाली वाढवलेले मजले, गच्चीवर उभी केलेली लोखंडी सळई, तारेला टेकलेली शिडी, ओल्या मांज्याचा पतंगही आहे. २२० किलोव्होल्टच्या तारेपासून बांधकाम आडव्या रेषेत ३.८ मीटर तरी दूर हवं, असा नियम आहे. तो किती गल्ल्यांत पाळला जातो ते तुम्ही गच्चीवरून पाहू शकता.

कर्करोगाच्या भीतीने आपण जितक्या चर्चा केल्या त्याच्या दशांशाने जरी या चार मीटरांबद्दल बोललो असतो, तर काही माणसं आज असती. न्यूयॉर्कने १८८९मध्ये ज्या भीतीचं ऐकलं, ती भीती आपल्याकडे अजून खरी आहे. तिचं ऐकायला कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.